ज्याचा हात दोरीला

सर्जेबंदर
१२ नोव्हेंबर २००६

बाळा,

फोन केला की तू "हां, हां" म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून लिहितो आहे. पत्र फाडायचं झालं तरी एकदा हातात घ्यावं लागतं.

बातमी चांगली आहे. पुढच्या वर्षी आपल्या नगरपरिषदेला शंभर वर्षं होतात, म्हणून सगळं २००७ साल सर्जेबंदराचं 'सांस्कृतिक महोत्सव वर्ष' म्हणून साजरं करायचं ठरलं आहे. बारा महिने कार्यक्रम. समिती झाली. कार्यवाह गुरुदास, आपल्या देवळामागचा, ज्याचं लॉज आहे तो. आणि यादीत शेवटून दुसरं नाव माझं: 'पारंपरिक मच्छिमार प्रतिनिधी'. रापणीच्या तांडेलाचं, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या म्होरक्याचं, नाव आजवर कुठल्या कार्डावर छापलं गेलं नव्हतं. आयेने कार्ड देवाजवळ ठेवलं आहे आणि रोज त्याला फूल घालते. मी सांगितलं, अगो, तिथे दहाव्या नावाला एक पोलीस अधिकारीही आहे, त्यालाही पडतं ते फूल.

उद्घाटन किनाऱ्यावर, आपली रापण ओढून. गुरुदास घरी येऊन म्हणाला, "रवीदादा, फित-बित कापूची नाय. पावण्यांनी दोरी धरूची, तुमच्यावांगडा ओढूची, आणि जो मासो गावतलो तो सगळ्यांनी वाटून घेवचो. असला उद्घाटन मुंबयत तरी झाला काय?"

मला ते पटलं. बाहेरच्या माणसाला आपली रीत यापेक्षा बरी कशी दाखवायची? दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो वाटेने चाललेला परका का असेना. मी बदल्यात एवढंच मागितलं की जाळी ठेवायच्या मांगरापासून खडपाच्या कातळापर्यंत जिथे आपण जाळं ओढतो, त्या वाळूवर कधी काही बांधू नये असा ठराव करा. गुरुदासने वहीत लिहून घेतलं.

तुझा तुकडा अजून जाळ्यात आहे. सव्वीस घरांचे सव्वीस तुकडे, तुझा डाव्या अंगाचा सातवा. तू सात वर्षं गोव्यात ट्रॉलरवर असलास तरी तुकडा आहे तोवर वाटा आहे, हा नियम कोणी मोडलेला नाही. वाटा आये घेते. खारवून, सुकवून, दोऱ्यात ओवून चुलीवर टांगते आणि कोणी विचारलं तर सांगते, "तो बाळाचो." अर्धा मांजर खातं.

उद्घाटनाला ये. मागचं काही कोणी काढणार नाही.

दादा


३ फेब्रुवारी २००७

बाळा,

आला नाहीस ते एका अर्थी बरं झालं, कारण उद्घाटनच झालेलं नाही. आधी एक जानेवारी होती, मग सव्वीस. दोन्ही वेळा आम्ही जाळं दुरुस्त करून, होडीला रंग देऊन तयार. दोन्ही वेळा निरोप आला की पाहुण्यांना जमत नाही. सव्वीसला शाळेची मुलं लेझीम घेऊन उन्हात दोन वाजेपर्यंत उभी होती. शेवटी गुरुजींनीच त्यांना घरी पाठवलं.

पुस्तिका छापून आली आहे. वरच्या चित्रातला किनारा आपला नाही. माड आहेत, पण मागे छप्पराच्या मोठ्या होड्या आहेत, तसल्या केरळात असतात म्हणे. सुगंधाकाकी मासळी विकून येताना पुस्तिका बघून म्हणाली, "बरा झाला. आपलो बंदर असो दिसता ह्या माका ठावकच नव्हता."

एक गोष्ट मनाला लागली आहे ती सांगतो. मागच्या सोमवारी सकाळी किनाऱ्यावर गेलो तर चिऱ्याचे चार ट्रक खाली झालेले. आपल्या जागेवर, मांगर आणि खडप यांच्या बरोबर मधे, मुक्त रंगमंच बांधायला काढला आहे. मी गुरुदासला बोलावलं. तो म्हणाला, तात्पुरता मंच आहे.

सुगंधाकाकी पाटी उतरवून तिथेच उभी होती. "तात्पुरत्या मंचाक शिमीट कित्याक व्हया रे गुरुदासा? आमच्या घराक तरी खंय आसा एवढा?"

"काकी, वर्स संपला काय काढून टाकतलंव."

"तू टाकशीत. दर्यो तुझी वाट बघतलो काय?"

सगळे हसले, गुरुदासही हसला. मी ठरावाचं विचारलं. ठराव पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाला. सध्या आम्ही खडपाच्या उत्तरेला सरकून जाळं टाकतो. तिथे मासा कमी, पण मिळतो.

समिती सोड असं चार लोक म्हणतात. मी म्हटलं, आत राहिलो तर निदान बोलता तरी येईल.

दादा


२० एप्रिल २००७

बाळा,

उद्घाटन एकदाचं चौदा तारखेला झालं. रापण ओढली नाही. पाहुणे गाडीतून उतरून थेट मंचावर गेले आणि त्यांनी फीत कापली. आम्ही चाळीस माणसं दोरी हातात धरून वाळूत उभे होतो. त्यांनी तिथूनच हात केला. आम्हीही केला.

मंचासमोर बांबूचं कुंपण आणि पास असलेल्यांनाच आत सोडायचं. पास कोणाला मिळाले ते मला, समितीच्या सदस्याला, माहीत नाही. कुंपणाबाहेरून कोणीतरी ओरडलं, "वर्स आमचा, गाव आमचो आणि आमीच भायर?" पोलिसाने त्याला बाजूला नेलं. मी आत तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मागे वळून बघितलं नाही.

दाजींचं ऐकलं असशील. त्यांच्या दशावताराला संध्याकाळी पाचची वेळ दिली होती, वीस मिनिटं. सत्तर वर्षांच्या माणसाने तीन वाजता तोंडाला रंग लावला, राजाचा वेश केला, किरीट चढवला. मुंबईच्या ऑर्केस्ट्राची माणसं भोंगे तपासत होती, ती साडेसातपर्यंत तपासत राहिली. मग सांगितलं, आज वेळ नाही. रंग काढायला पाणीसुद्धा नव्हतं. दाजी तसेच एसटीत बसून गेले.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "अरे, कंडक्टर म्हणता, म्हाराजानू, खंयचा तिकीट? मी म्हटलंय, राज्य गेला बाबा, आता घरचा दी." आणि हसले. मग म्हणाले, "रवी, तुझा नाव आसा मा रे त्या समितीत?" मी हो म्हटलं. त्यांनी किरीट फडक्यात गुंडाळून पेटाऱ्यात ठेवला.

रविवारी देवळात सभा झाली. मी इतकं माणूस पालखीलाही बघितलं नव्हतं. सगळ्यांचं एकच: हे वर्ष बंद करा, नाहीतर गावाच्या हातात द्या. चारशे बारा सह्यांचा अर्ज झाला. माझी सही नाही. समितीच्या माणसाने समितीविरुद्ध सही कशी करायची, असं मी सांगितलं. तो अर्ज नगरपरिषदेत दिला तेव्हा पोच दिली. तिसऱ्या दिवशी विचारायला गेलो तर पोच आहे, अर्ज नाही.

दादा


२९ ऑगस्ट २००७

बाळा,

काल नारळी पौर्णिमा झाली. समितीने नारळाची मिरवणूक काढली, पण वाजंत्री दुसऱ्या कार्यक्रमाला गेली म्हणून ती दीड तास उशिरा निघाली. लोक थांबले नाहीत. ज्याने त्याने आपापला नारळ नेऊन दर्याला दिला आणि घरी गेला. मिरवणूक आली तेव्हा किनाऱ्यावर कुत्री होती आणि मी होतो.

मंच जुलैच्या उधाणात गेला. सुगंधाकाकीने सांगितलं तसंच झालं, पण तिला आनंद नाही. चिरे आणि सिमेंटचे तुकडे सगळे पाण्यात पसरले आहेत, सळया वर करून. आपल्या तीन पिढ्यांनी जी वाळू पायांनी साफ ठेवली तिच्यावर. मी समितीत विषय काढला. एक साहेब म्हणाले, बांधकाम सांस्कृतिक खात्यातून झालं, पण पाण्यात पडलेली वस्तू बंदर खात्याची. बंदर खात्यात गेलो, ते म्हणाले, आम्ही टाकलेली नाही.

समितीतल्या पाच जणांनी राजीनामे दिले. मी दिला नाही. कारण असं की गुरुदासने शब्द दिला आहे, डिसेंबरच्या समारोपाला रापणच होईल, त्याआधी क्रेन आणून दगड काढतील आणि पाहुणे समारोपाच्या मंचावरून जागेचा ठराव वाचून दाखवतील. मला माहीत आहे तू काय म्हणशील. पण सव्वीस घरांचं दुसरं काही माझ्या हातात नाही.

आये विचारते, बाळ्याचा आवाज ऐकलास का. मी हो सांगतो.

दादा


२४ डिसेंबर २००७

बाळा,

काल समारोप झाला. रापण ओढली. पाहुण्यांनी दोरीला हात लावला. फोटो आज पेपरात आहेत, माझाही आहे, कात्रण सोबत पाठवतो. सुरमई मिळाली. सगळं नीट पार पडलं.

जाळं थोडं फाटलं आहे.

दादा


२ जानेवारी २००८

बाळा,

मागचं पत्र खोटं होतं. पेपरातली बातमीही तीच आहे, पण ती लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. मला होतं.

क्रेन आली नाही. बावीस तारखेला गुरुदास म्हणाला, आता वेळ नाही, दगड टाळून टाका जाळं. ते जमण्यासारखं होतं. पौर्णिमेची भरती, अकराला पाणी पूर्ण. दहाला उत्तरेकडून जाळं टाकलं असतं तर बाराच्या आत आम्ही वर ओढलं असतं. पाहुणे साडेनऊला यायचे होते.

तेवीसच्या सकाळी गुरुदास थर्मोकोलची पेटी घेऊन मांगरात आला. बाकीची माणसं मांडवात चहाला गेली होती. पेटीत सहा सुरमया, बर्फात. "दादा, चुकान मासो नाय गावलो तर? कॅमेरे आसत. एवढ्या माणसांसमोर रिकामी रापण बरी दिसात काय?" मी नाही म्हटलं. त्याने खिशातून कागद काढला. जागेचा ठराव, टाइप केलेला, शिक्का मारलेला, फक्त पाहुण्यांची सही राहिलेली. ते वाचून दाखवतील आणि तिथेच सही करतील, असं तो म्हणाला.

मी मासे एका लहान जाळीत घालून मधल्या झोळात अडकवले. जाळं वर येताना आपोआप सुटते ती गाठ मारली. ती गाठ बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवली होती. तुला आधी जमली होती.

पाहुणे तीन वाजता आले. पाणी उतरत होतं. सुकतीचं पाणी जाळं दक्षिणेला ओढतं हे आपल्याकडे चालायला शिकलेल्या पोरालाही माहीत असतं. होडीवरचे म्हणाले, तांडेलानू, आज नको. मी टाका म्हटलं.

पाहुण्यांनी दोरी धरली. त्यांच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे लॉजवाले, सगळे गळ्यात हारांसकट. हाताला लागू नये म्हणून कोणीतरी त्यांना पांढरे हातमोजे दिले होते. अर्ध्यावर आल्यावर डावं अंग जड झालं. मला पायातच कळलं, दगडाला धरलंय. तिथे 'सोडा' म्हणणं हे तांडेलाचं काम. दोन्ही बाजू सैल सोडायच्या, होडी मागे घालून जाळं उचलायचं, एवढंच. बॅण्ड वाजत होता, कॅमेरावाला म्हणत होता, आणखी एकदा जोरात. मी 'सोडा' म्हटलं नाही. पाहुणे ओढत राहिले आणि आमची माणसं माझ्या तोंडाकडे बघत ओढत राहिली. फाटल्याचा आवाज येत नाही, तुला ठाऊक आहे. दोरी एकदम हलकी होते.

झोळ वर आला. त्यात सहा सुरमया. टाळ्या झाल्या. सुगंधाकाकीने एक उचलून कल्ल्यात बोट घातलं.

"गे बाये, रापणीत बर्फ खंयसून इलो?"

आधी बायका हसल्या. मग तिने मासा उलटा केला, शेपटीकडे बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो माझ्या वळखीचो. सकाळी लिलावात माझ्याच पाटयेच्या बाजूक होतो. गोव्याच्या गाडयेतसून इल्लो." मग कोणी हसलं नाही.

पाहुणे तोवर मांडवातल्या मंचावर गेले होते. भाषणात ठराव नव्हता. वर्ष मे अखेरपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. आणि रापणीची स्मृती म्हणून त्या जागेवर दोरी ओढणाऱ्या मच्छिमारांचा सिमेंटचा पुतळा उभारायचा, हेही. पुन्हा टाळ्या.

वाटा करायचा राहिला होता. मी मासे वाळूवर मांडले, तुकडे केले, नावं घ्यायला लागलो. पहिलं नाव घेतलं, कोणी पुढे आलं नाही. दुसरं घेतलं. सव्वीस नावं घेतली. तुझं घेतलं तेव्हा आयेकडे बघितलं. ती उठली, लुगडं झटकलं, म्हणाली, "आज बाळाचो वाटो नाय," आणि घराकडे चालू लागली. ज्यांनी हातमोजे घालून दोरी धरली होती त्यांचा वाटाही तिथेच पडून राहिला. आपल्या रापणीचा मासा वाळूवर टाकून माणसं घरी गेली, असं आजवर झालं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, जी मी आठ वर्षं लिहिली नाही. 'तू गेलास' असं मी सगळ्यांना सांगतो. आपली मासळी ओढून नेणाऱ्या ट्रॉलरवर तू गेला होतास खरा, पण शिमग्याला परत आलास तेव्हा सकाळी किनाऱ्यावर येऊन शर्ट काढून दोरी धरलीस. आणि मी चाळीस माणसांसमोर म्हटलं, "ट्रॉलरवाल्याचो हात दोरयेक लागूचो नाय." वाटसरूला कधी म्हटलं नाही ते तुला म्हटलं. तू दोरी खाली ठेवलीस. टाकली नाहीस, वाकून ठेवलीस. मला ते रोज दिसतं.

त्या दिवशी ते पांढरे हातमोजे दोरीवर बघितले तेव्हाही तेच दिसलं.

रविकांत


१७ फेब्रुवारी २००८

बाळा,

हे पत्र पणजीच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे देतो, सोबत एक गाठोडं आहे. मालीमच्या जेटीवर तुझं नाव सांगितलं की पोचेल असं तो म्हणाला.

रापण मोडली. भांडण झालं नाही, मला वाटलं होतं होईल. जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सगळे मांगरात आले, ज्याने त्याने आपला तुकडा उसवला, घडी केली आणि नेला. शेवटचा माणूस गेला तेव्हा मांगरात फक्त दोर उरला, तो कोणाच्या एकाच्या मालकीचा नाही म्हणून. दुरुस्तीचा अर्ज समितीत दिला होता. उत्तर आलं की जाळ्याची तरतूद सांस्कृतिक शीर्षकाखाली बसत नाही.

गाव आता ओरडतही नाही. एप्रिलमध्ये देवळात उभं राहायला जागा नव्हती, परवाच्या सभेला नऊ माणसं होती. त्यातले दोघे पावसाने आडोशाला आलेले वाटावेत असे बसले होते, पण फेब्रुवारीत पाऊस कुठला. दाजींनी दशावताराचा पेटारा भाच्याला देऊन टाकला. गावात शिरताना कमानीवर 'महोत्सव वर्ष २००७ आपले स्वागत करीत आहे' असं अजून आहे, एक बाजू सुटून लोंबते. सुगंधाकाकी म्हणते, "सतरा म्हयन्यांचा वर्स. आमच्या गावाक जास्त दिल्यानी, तक्रार कसली करतास?"

पुतळ्याचा पाया घातला आहे. बरोबर आपल्या जागेवर. मागच्या आठवड्यात कोल्हापूरहून पुतळेवाला आला होता. गुरुदास त्याला घेऊन माझ्याकडे आला. त्याला दोरी धरलेले हात हवे होते. मी मांगरातला दोर हातात घेऊन उभा राहिलो आणि त्याने चारही बाजूंनी फोटो काढले. जरा ताण द्या म्हणाला. दुसऱ्या टोकाला ओढणारं कोणी नव्हतं, म्हणून दोर खांबाला बांधला.

का उभा राहिलास असं विचारू नकोस. तिसऱ्या रांगेत का बसलास, याचं उत्तर आहे तेच याचं आहे.

गाठोड्यात तुझा तुकडा आहे. पाचव्यापासून नवव्यापर्यंत फाटलं, त्यात तुझा सातवा मधोमध. मी तो महिनाभर बसून विणला. जुना दोरा मिळाला नाही, म्हणून शिवण वेगळी दिसेल, पण धरेल. आयेने सुकवलेल्या बांगड्यांची एक माळही आहे. डिसेंबरच्या आधीची. त्यानंतरचं काही नाही. ती तुझ्याबद्दल आता विचारत नाही आणि मला हो म्हणावं लागत नाही.

एक विचारायचं आहे. तुमच्या बोटीवर जाळं विणणारा माणूस लागतो का? हात अजून चालतात. रोज जायची तयारी आहे, सुट्टी नको. मालकाने वय विचारलं तर पन्नास सांग. भाऊ आहे म्हणून सांगायची गरज नाही, गावचा ओळखीचा म्हण.

आणि तुला वाटलं की नको, तर तेही बरोबर आहे. मी जेटीवर येईन, बोट लागेल तेव्हा तुम्ही दोरी फेकाल. ती धरायची की नाही, ते तू सांग. तू सांगेपर्यंत मी हात लावणार नाही.

रवी